कप्तानाचा शेवटचा भाग

रविवार, १ मार्च

आजपासून रोज डायरी लिहायचं ठरवलं आहे. रोज म्हणजे जमेल तसं. स्वतःच्या डायरीत तरी थापा कशाला मारायच्या?

कारण तसंच आहे. आज आमच्या घरात एक ऐतिहासिक निर्णय झाला आणि तो मी घेतला. एकोणतीस तारखेला आईला पंचाहत्तर पूर्ण होतील. दर रविवारी दुपारी आम्ही तिघं भावंडं आईकडे जेवतो. आज ती आत गरम गरम वाढून आणायला गेली, तेवढ्यात मी भेटीचा विषय काढला. ताई म्हणाली स्वेटर. धाकटा म्हणाला पाय चेपायचं मशीन. मी म्हणालो, "काहीतरी मनाला भिडेल असं द्या की! आपण तिला 'कप्तान कुठे गेला?'चा शेवटचा भाग करून दाखवू."

दोघांचेही घास हातातच राहिले. ताई बेकरी चालवते, धाकट्याचं केस कापायचं सलून आहे, मी लिफ्ट तपासणीस. नाटकाचा अनुभव कुणालाच नाही. पण 'कप्तान' म्हटलं की आम्ही तिघंही विरघळतो. दर गुरुवारी संध्याकाळी ती मालिका लागायची. ताई अकरा वर्षांची होती, मी नऊ, धाकटा सात. जहाजाचा नकाशा चोरणारा टकल्या, त्याच्या मागावर कप्तान आणि कप्तानाच्या मागावर डॉक्टरीणबाई. बाबा परगावी नोकरीला, त्यामुळे आमच्या घरातला कर्ता पुरुष म्हणजे कप्तानच होता. आई तर त्या वेळात दार वाजलं तरी उघडायची नाही.

"मी डॉक्टरीण," ताई म्हणाली. "शेवटी कप्तान बुडतो ना, तेव्हा मी अशी रडेन की बघाच."

"बुडतो?" धाकटा म्हणाला. "अगं, कप्तान टकल्याचे तलवारीने दोन तुकडे करतो!"

मला दोघांची कीव आली. शेवटच्या भागात कप्तान आणि टकल्या सख्खे भाऊ निघतात आणि गळ्यात गळा घालून रडतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तेवढ्यात आई आली. आम्ही तोंडं मिटली. "कशावरून भांडताय?" तिने विचारलं. मी म्हणालो, "हवेबद्दल बोलत होतो." तिला काहीही कळलेलं नाही.

बुधवार, ४ मार्च

एक गोष्ट फक्त इथे लिहितो. मी मधला आहे. मधल्याचं दुःख मधल्यालाच ठाऊक. आमच्या अल्बमची पहिली दहा पानं ताईची, शेवटची दहा धाकट्याची. मी मधल्या दोन पानांवर आहे आणि त्यातही एका फोटोत माझ्या तोंडासमोर कुणाचं तरी कोपर आहे.

पण शेवटचा भाग माझा आहे. मला ताप होता म्हणून मी घरी. ताई शाळेच्या सहलीला गेली होती, धाकटा मावशीकडे. घरात फक्त मी आणि आई. मी स्वयंपाकघरात गोधडी गुंडाळून बसलो होतो आणि समोर कप्तान! उंच, सडपातळ, हिरवागार. टकल्याचा चेहरा रागाने जांभळा पडला होता. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, तरी मला तो जांभळा स्पष्ट आठवतो. अभिनय म्हणावा तर असा! आई बाजूला बसली होती का, ते नीट आठवत नाही, पण तिचा आवाज सारखा येत होता. मग आम्ही दोघांनी सूप प्यायलं. तसलं सूप मला पुन्हा कधी मिळालं नाही.

आख्ख्या लहानपणात आई पूर्णपणे माझ्या एकट्याच्या वाट्याला आली ती त्या दिवशी. म्हणून शेवट माझाच खरा असायला हवा. यात मी काही फार मागतोय असं मला वाटत नाही.

रविवार, ८ मार्च

सगळा विचका झाला.

जेवताना धाकट्याने पुन्हा विषय काढला आणि मला राहवलं नाही. मी म्हणालो, "तू पाहिलाच नाहीस तो भाग. मी पाहिला. आईबरोबर. एकट्याने."

ताई ताडकन म्हणाली, "काहीतरीच काय! आईबरोबर एकटी मी होते. तुम्ही दोघं झोपला होतात. डॉक्टरीणबाई जहाजावरून गडगडत आली आणि फरशीवर पच्चकन पडली, मला अजून आठवतंय."

"समुद्रात फरशी कुठून आली?" मी विचारलं.

"ते दिग्दर्शकाला विचार!"

धाकटा म्हणाला की आईबरोबर एकटा तोच होता. ताई शाळेत होती आणि मी अंथरुणात घोरत होतो. "आणि कप्तानाने टकल्याचे असे उभे दोन तुकडे केले. आतल्या बियासुद्धा दिसल्या मला!"

माणसाच्या पोटात बिया! हा लहानपणापासून असाच फेकतो. सलूनमध्ये दिवसभर बोलून बोलून ती सवय आणखी वाढली आहे.

मी लिफ्ट तपासणारा माणूस. तर्काने चालतो. भाग लागला एकदा. आई एक. तिच्याबरोबर एकटी असलेली माणसं तीन. म्हणजे दोघं खोटं बोलतायत आणि मी बोलत नाहीये. हा निष्कर्ष मी शांतपणे मांडला, तर ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शेवटी मी आईलाच विचारलं, "आई, तूच सांग, त्या दिवशी तुझ्याजवळ कोण होतं?"

आईला जोराचा ठसका लागला. पदर तोंडावर धरून ती बराच वेळ खोकत राहिली, खांदे गदागदा हलत होते. मग "गॅसवर दूध आहे" म्हणाली आणि आत गेली. मी मागून जाऊन पाहिलं, तर गॅस बंद आणि दूध फ्रिजमध्ये. वयाप्रमाणे विसरायला लागली आहे. काळजी वाटते.

जाता जाता तिने मला दारात गाठून विचारलं, "काय रे, आणि पोशाख कोण शिवतंय?" मी म्हणालो, "कसले पोशाख?" तर म्हणाली, "काही नाही, असंच." नाटकाचं गुपित मात्र अजून पक्कं आहे.

गुरुवार, १२ मार्च

केस कापायला धाकट्याकडे गेलो. मोठ्या मनाने गेलो होतो. चादर गुंडाळून झाली, डावी बाजू कापून झाली, तोपर्यंत सगळं गोडीत चाललं होतं. मग मी सहज म्हणालो, "त्या बियांचं जरा सोडून दे बुवा."

कात्री थांबली. आरशात मला त्याचं तोंड दिसत होतं. "दादा," तो म्हणाला, "तुला नेहमी वाटतं की मी लहान म्हणून मला काही आठवत नाही. तो दिवस माझा आहे." आणि माझ्या अंगावरची चादर ओढून म्हणाला, "दुकान बंद झालंय."

उजव्या बाजूने मी जसाच्या तसा आहे. डाव्या बाजूने मी कुणीतरी वेगळाच, बराच तरुण माणूस आहे.

शुक्रवार, १३ मार्च

आज एका हॉटेलची लिफ्ट तपासायची होती. तिला तिन्ही बाजूंनी आरसे. हेल्मेट घालून गेलो. मॅनेजर म्हणाला, "साहेब, लिफ्ट इतकी धोकादायक आहे का?" मी गंभीरपणे मान हलवली. त्याने घाबरून पाहुण्यांना जिन्याने पाठवायला सुरुवात केली.

संध्याकाळी बायको म्हणाली, "इकडे बसा, मी सारखं करते." ती औषधांच्या दुकानात काम करते, हात एकदम हलका. पण कात्री स्वयंपाकघरातली होती. आता दोन्ही बाजू सारख्या दिसतात, एवढंच म्हणेन.

रविवार, १५ मार्च

ताई आली नाही. बेकरीत काम आहे म्हणून निरोप पाठवला. धाकटाही आला नाही. त्याने निरोपही पाठवला नाही.

आईने पानं मात्र सगळ्यांची मांडली होती. आम्ही बराच वेळ थांबलो. मग ती उठली आणि ताईची आणि धाकट्याची ताटं पुन्हा मांडणीवर ठेवली. मला म्हणाली, "तू जेव पोटभर." मी तिघांचं जेवलो, कारण उरलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं. पण घास खाली उतरत नव्हता. म्हणजे उतरत होता, पण आनंदाने उतरत नव्हता.

निघताना ती म्हणाली, "माझ्या वाढदिवसाला तरी येतील ना रे दोघं?" मी म्हणालो, "येतील म्हणजे काय!" आणि जिन्यात येऊन पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. हे सगळं मी सुरू केलं. स्वेटर आणला असता तर काय बिघडलं असतं?

बुधवार, १८ मार्च

यावर उपाय एकच, पुरावा. टीव्ही केंद्रात फोन केला. चार जणांनी मला एकमेकांकडे टोलवलं, मग जुन्या टेपांच्या खोलीतल्या एका बाईंनी फोन घेतला. माझी हकीकत ऐकून त्या हळहळल्या. त्याही कप्तानाच्या चाहत्या. शोधून सांगते म्हणाल्या आणि तासाभराने खरंच फोन केला.

शेवटच्या भागाची टेप आहे. पण त्या काळी टेपा महाग असायच्या, म्हणून त्याच टेपवर नंतर 'गुलाबाची छाटणी' नावाचा कार्यक्रम भरला. "शेवटी काय होतं ते तुम्हाला आठवतंय का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आठवतंय ना! डॉक्टरीणच खरी चोर असते."

मी त्यांचे आभार मानले आणि फोन ठेवला. आता शेवट चार झाले.

शनिवार, २१ मार्च

बायकोने आज वेगळंच काहीतरी विचारलं. "अहो, तुमचा तो कप्तान दिसायला कसा होता?"

मी सांगितलं, उंच, सडपातळ, हिरवागार. ताईच्या मते थोडा वाकडा. धाकट्याच्या मते अंगाला बारीक काटे, दाढी वाढल्यासारखे.

"आणि डॉक्टरीण?"

"गोल, लालबुंद. लाजायची फार."

"टकल्या?"

"जांभळा. चकचकीत. डोक्यावर छोटी हिरवी टोपी."

बायकोने उशीत तोंड खुपसलं. मला वाटलं रडतेय. तर नाही, हसत होती. हसून हसून तिची पुरेवाट झाली. मी चिडून विचारलं, "यात हसण्यासारखं काय आहे?" तर डोळे पुसत म्हणाली, "मला यात ओढू नका. शेवटी वादळात पांढरं पीठ उडालं होतं का हो?"

उडालं होतं! मी थक्कच झालो. म्हणजे हिनेही तो भाग पाहिला आहे आणि इतकी वर्षं बोलली नाही. मग तिने आईला फोन लावला आणि दार लोटून अर्धा तास बोलत बसली. सासूसुनेचं काय गुळपीठ शिजतंय, देव जाणे.

रविवार, २२ मार्च

आजही मी एकटाच. जेवण झाल्यावर थेट ताईच्या बेकरीत गेलो. ती पिठात हात घालून कणीक बुकलत होती आणि एकेका बुक्कीला कुणाचा तरी चेहरा आठवत असावी, असं वाटलं. बहुतेक माझा.

"ताई, नाटक राहू दे," मी म्हणालो. "तुझा शेवट घे. कप्तानाला बुडव, मला चालेल. पण आईच्या वाढदिवसाला ये."

ती थांबली. म्हणाली, "मधल्या, मला शेवटाचं काय पडलंय रे? मी मोठी. तुम्ही दोघं झाल्यावर आईच्या मांडीवर मला कधी जागाच नव्हती. बाळाला धर, याला भरव, त्याला शाळेत सोड. तो एक दिवस ती माझ्या एकटीची होती. तोही तुम्ही दोघं वाटून घ्यायला निघालात."

मोठ्यांना असं काही वाटत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ती मात्र जरा नरमली, निघताना मला दोन पाव दिले. एक खूप करपलेला होता, पण दिले.

वाटेत धाकट्याच्या सलूनवरून गेलो. त्याने काचेतून माझं डोकं पाहिलं. व्यावसायिक माणसाला बघवण्यासारखं ते नव्हतंच. बाहेर येऊन त्याने मला दंडाला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं आणि सगळं नीट करून दिलं. मी म्हणालो, "रविवारी येशील?" तो म्हणाला, "आईसाठी."

रविवार, २९ मार्च

काय लिहू आणि किती लिहू!

दोघंही आले. ताईने केक आणला, पण तो ठेवून खिडकीकडे तोंड करून बसली. धाकटा मोबाईल बघत बसला, उलटा धरून. मी हवेबद्दल बोलत होतो. आई आणि माझी बायको स्वयंपाकघरात. भांड्यांचा आवाज येत होता, मध्येच खुसखुस येत होती.

मग बायको बाहेर आली आणि म्हणाली, "तिघांनीही आत चला. खाली बसा. ओट्याकडे तोंड करून."

ओट्यावर निळा टॉवेल पसरला होता. त्यामागे आई खाली बसलेली, नुसता अंबाडा दिसत होता. मग दोन झाकणं धाडधाड वाजली, आईने घशातून मालिकेची धून काढली आणि टॉवेलवर एक काकडी चढली.

काकडी म्हणाली, "टकल्या! कुठे लपलास? बाहेर ये!"

दुसऱ्या बाजूने एक वांगं आलं. जांभळं, चकचकीत, डोक्यावर हिरवी टोपी.

ताईच्या तोंडून किंकाळीसारखं काहीतरी निघालं. धाकटा म्हणाला, "बिया!" मी तर क्षणात नऊ वर्षांचा होऊन गोधडीत बसलो होतो.

टोमॅटो गडगडत आला आणि फरशीवर पच्चकन पडला. मूठभर पीठ उडालं, निम्मं माझ्या बायकोच्या केसांत गेलं. मग आई उठून उभी राहिली, गुडघा चोळत, हसत हसत.

"टीव्हीवर मी फुलदाणी ठेवली होती," ती म्हणाली. "शेवटच्या भागाच्या दोन दिवस आधी ती लवंडली. सगळं पाणी आत. टुक् झालं आणि पडदा काळा. दुरुस्त करणारा म्हणाला, पंधरा दिवस लागतील. तुमच्या बाबांना कुठल्या तोंडाने सांगू? आणि तुम्ही तिघं माझ्या डोक्यावर बसलेले, कप्तान दाखव म्हणून. ताई आधी रडली, मग ताप आलेला तू, मग मावशीकडून आल्या आल्या हा. मग काय, भाजीची टोपली होतीच घरात. ज्याला जसं हवं तसं मिटवलं."

"आणि नट?" ताईने विचारलं.

"सूपमध्ये घातले. वाया कुठे घालवायचे?"

म्हणजे माझ्या आयुष्यातलं सर्वांत चविष्ट सूप टकल्याचं होतं.

मग ताई हसायला लागली आणि तिला थांबताच येईना. धाकटा माझ्या पाठीवर थापा मारत होता. "बिया होत्या की नाही? होत्या की नाही?" मी कबूल केलं. होत्या. ताईने धाकट्याचा गालगुच्चा घेतला, तो पन्नाशीकडे आलेला माणूस "ए ताई!" करून ओरडला आणि आईने ताटं मांडली. सगळीच्या सगळी.

पण एवढ्या हसण्यातही माझ्या मनात एक कुसळ राहिलं होतं. तो दिवस माझ्या एकट्याचा नव्हता. दर मुलाला एकेक, तसा मलाही एक.

जेवणं झाल्यावर आईने मला वरचं पातेलं काढायला आत बोलावलं. पातेलं काढलं. तिने दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "फुरंगटला आहेस, दिसतंय मला. एक सांगते, पण त्या दोघांना बोलू नकोस हं. त्यांना शेवट मी सांगितला. तुझ्या वेळी माझं डोकंच चालेना. तेव्हा तूच माझ्या हातातून वांगं घेतलंस आणि म्हणालास, 'आई, तू बस, मी करतो.' मी त्या स्टुलावर बसून बघितलं. अरे, मलाही कुठे कळला होता शेवट? मी पाहिलेला एकमेव शेवट तुझा. माझ्यासाठी खरा तोच."

मी पातेलं घेऊन किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. ती म्हणाली, "ठेव ते आता. आणि ताईला पाठव जरा, बशा न्यायच्यात."

ताई आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती डोळे लाल करून, आणि एकही बशी न आणता. आज स्वयंपाकात कांदा नव्हता. मी विचारलं, "काय गं?" म्हणाली, "काही नाही. काही गोष्टी सांगायच्या नसतात." आणि माझ्याकडे अशा मायेने बघितलं की मला अवघडल्यासारखं झालं. मग धाकट्याला हाक आली, बरणीचं झाकण उघडायला. तो आला तो शीळ वाजवत. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "दादा, तुझाच शेवट खरा धरू या. मला खरंच काही फरक पडत नाही." ताईही म्हणाली, "हो हो, याचाच धरा. बिचाऱ्याला बरं वाटेल."

दोघं किती समजूतदार झाले आहेत! आईने आत काहीतरी गोड बोलून त्यांची समजूत काढली असणार, नाहीतर इतके शहाणे एका दुपारी होणारे ते नव्हेत. मला त्यांच्या चेहऱ्यांकडे बघवेना. खरं काय ते फक्त मला माहीत आहे आणि ते त्यांना कधीच कळणार नाही. घरी येताना मी बायकोला एवढंच म्हणालो की मधला असण्याचेही काही फायदे असतात. ती "हो का?" म्हणाली आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मी मात्र मोठ्या मनाने गप्प बसलो, आणि निघण्याआधी माझ्या वाटणीचा केक दोघांना अर्धा अर्धा देऊन आलो होतो.